रघू मिस्त्री आणि साहेबाची तीनचाकी

रघू पांचाळ मला कधीच आवडला नाही. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की आमचा काही स्नेह होता आणि तो मी मोडला. स्नेह नव्हता. मला पाहिलं की तो बाजूला थुंके, आणि त्याच्या लोहारसाळेत शिरताना मी धोतराचा सोगा असा उचलून धरी की जणू चिखलातून चाललो आहे. तो चाळिशी ओलांडलेला, मी सत्तावीस वर्षांचा. आज मी त्याच्या त्या वयाचा झालो आहे, आणि हे कागदावर उतरवायला मला एवढी वर्षं लागली.

कल्याणात शेणाळे तळ्याच्या अंगाला त्याची साळ होती. कुडाच्या तीन भिंती, वर गवत, मध्ये ऐरण. माणूस बुटका, खांद्यांत रुंद. डावी भुवई ठिणगीनं जळून गेली होती ती परत उगवलीच नाही, त्यामुळे कुणीही काहीही सांगितलं तरी त्याचा चेहरा अर्धा अविश्वासाचाच दिसे. काही वर्षं तो रेल्वेच्या इंजिनखान्यात कामाला होता. तिथून सुटला, कारण हातोडा साहेबाच्या पायावर पडला. तो हातोडा पडला की टाकला, असं विचारलं तर लहर असेल तसं उत्तर देई.

गावात तो कुणालाही ‘तुम्ही’ म्हणत नसे. मामलेदार असो, शास्त्री असो, सगळे ‘तू’ आणि ‘रे’. चार माणसांसमोर ते अंगाला लागे, पण पंचक्रोशीत असा हात दुसरा नव्हता म्हणून लोक गिळत. शिव्या तो सढळ देई, पण फक्त माणसांना. लोखंडाला कधी नाही. तापलेला तुकडा ऐरणीवर ठेवताना म्हणे, “ये माझे बाय, ये. जरा वाकशील? झालं, झालं.” आणि त्याच दमात दारातल्या गिऱ्हाइकाकडे वळून, “उजेडातून हट की, म्हशीच्या!”

दाजीशास्त्र्यांच्या विहिरीच्या रहाटाची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. दाजीशास्त्री म्हणजे आमच्या आळीतला शेवटचा शब्द. रघूनं रहाटाचा आस नवा करून बसवला. शास्त्रीबुवा तांब्या घेऊन आले आणि लोहाराचा हात लागला म्हणून त्यावर पाणी शिंपडू लागले. रघू कडेला उभा राहून बघत होता. म्हणाला, “मार, मार पाणी. सांध्यात चांगलं मुरू दे. गंजला की माझ्याचकडं येशील.” दोन पावसाळ्यांत खरंच आले. तेव्हा रघू हसला नाही. आस काढला, उन्हात धरला आणि त्या लोखंडाला म्हणाला, “काय केलं गो तुझं ह्या लोकांनी?”

आता माझ्या गाडीचं. मी मामलेदार कचेरीत फिरतीचा कारकून होतो. शीळ, दिवा, मानपाडा, डोंबिवली अशी गावं पालथी घालून पिकाच्या नोंदी तपासायच्या. बाकीचे कारकून तट्टावरून जात. मला घोड्याची भीती. लहानपणी एकदा पडलो होतो, तेव्हापासून रिकिबीत घातलेला पाय मी परत काढून घेई. दोन वर्षं मी पायी फिरलो, उशिरा पोचलो, तपासण्या अर्ध्या राहिल्या. मामलेदारांनी एक दिवस सरळ सांगितलं, “वामनराव, फाल्गुनापर्यंत फिरती पुरी झाली नाही तर मी दुसरा माणूस मागवणार.” घरी आई, बायको, दोन लहान बहिणी. दुसरा माणूस म्हणजे काय हे मला कळत होतं.

त्याच सुमाराला रेल्वेचा एक साहेब विलायतेला परत निघाला आणि त्याच्या बंगल्यातल्या सामानाची विक्री झाली. खुर्च्या, टेबलं, आणि अंगणात आंब्याखाली गंजत पडलेली तीनचाकी सायकल. बाजूला पुरुषभर उंचीची दोन चाकं, मध्ये बैठक, पुढं एक लहान चाक. साहेब तिच्यावरून म्हणे घाट चढून लांब लांब मुलूख बघत फिरला होता. ती कुणीच घेईना. मी घेतली. घरी आणली तेव्हा आई दारात येऊन म्हणाली, “हे काय, रथ?” शेजारचे हसले. मीही हसलो, पण रात्रंदिवस डोक्यात एकच होतं: ही चालली तर माझी नोकरी राहिली.

ती चालत नव्हती. रबर उन्हानं तडकून पापडासारखं झालेलं, साखळीचे दोन दुवे गेलेले, पुढचं चाक हातानंही फिरेना. ढकलत ढकलत मी ती रघूच्या साळेवर नेली.

त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली. मग माझ्याभोवती मारली.

“तू हिच्यावर बसणार?”

“हो.”

“हिचा काय गुन्हा?”

साळेत बसलेले दोघं शेतकरी खदखदून हसले. पण तोवर त्याचा हात पुढच्या चाकाच्या मधल्या तुंब्यावर गेला होता, आणि तो गाडीशी बोलायला लागला होता. मला जा म्हणाला नाही, थांब म्हणाला नाही. म्हणजे काम घेतलं.

महिनाभर मी कचेरी सुटली की तिथं जाऊन बसत असे. तो मला सुखानं बसू देत नसे. “धर.” “असं नाही, लेखणी धरतोस तसं नको धरू.” “कारकुना, स्क्रूचे आटे कुठल्या बाजूला फिरतात एवढंही शिकवलं नाही तुला इंग्रजी शाळेत?” रबराच्या जागी त्यानं डांबरात भिजवलेला काथ्याचा दोर चाकांवर आवळून बसवला. साखळीचे दुवे घडवले, ते मूळच्या दुव्यांहून देखणे झाले. पुढच्या चाकाच्या तुंब्यातली पितळी नळी झिजून कागदासारखी झाली होती. म्हणाला, चांगलं पितळ आण. आमच्या घरात एक तडा गेलेली समई होती. बायकोनं ती आईला न विचारता दिली. रघूनं ती आटवली, नळी ओतली, कानशीनं घासघासून आसावर बसवली, आणि मग ती सळई काढली.

ती सळई म्हणजे त्याचं इंजिनखान्यातलं शिक्षण. हातभर लांब, बोटाएवढी जाड. तिचं एक टोक तो दातांत घट्ट धरी, दुसरं फिरत्या चाकाच्या तुंब्याला टेकवी आणि डोळे मिटी. आत काय खरडतंय, कुठं घासतंय, ते त्याला दातांतून ऐकू येई. गाव त्याला हसे. मी त्याला तसं ऐकताना पाहिलं आहे. देवळातसुद्धा माणसाचा चेहरा तेवढा निवत नाही.

सळई तोंडातून काढून त्यानं माझ्यापुढं धरली. “ऐक. तुझं चाक आहे. काय बोलतं ते तुला कळलं पाहिजे.”

टोकावर त्याची थुंकी चमकत होती. मी म्हणालो, “राहू दे. तू ऐकलंस ना, झालं.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. सळई पुसली आणि छपरात खोचली. त्या दिवसानंतर साळेत त्यानं ती मला पुन्हा दिली नाही.

वंगणाची त्याची एक चाल होती. साळेतून नवं चाक निघालं की पहिलं वंगण मालकानं आपल्या हातानं घालायचं. बैलगाडी असो, दमणी असो, रहाट असो. तो स्वतः घालत नसे, कुणी कितीही मोठा असला तरी त्याला बाह्या वर करायला लावी. “माझ्या हातचं प्यालं तर मलाच ओळखील. मग वाटेत अडलं की मला हाका मारशील.” कल्याणात चाक असलेल्या प्रत्येक माणसाची बोटं एकदा तरी त्याच्या साळेत काळी झाली होती. पुढं जे घडलं त्यात हे महत्त्वाचं आहे, म्हणून सांगितलं.

मी घरून खोबरेल नेलं होतं. त्यानं वास घेतला. “हे डोक्याला लाव. तिथं गरज आहे.” मी ऐकलं नाही. खोबरेल पवित्र, घरचं. पौषातली थंडी. दुसऱ्या दिवशी मानपाड्याच्या अलीकडे पुढचं चाक कुरकुरलं आणि थांबलं. मी हँडलावरून पुढं शेतात. सकाळच्या गारठ्यानं तेल थिजलं होतं आणि त्यात धूळ बसून पेंड झाली होती. परत आणली. मग एरंडेल घातलं. साहेबाच्या गाडीला तेल धरून ठेवणारी छोटी डबी होती ती फुटलेली, एरंडेल दोन मैलांत गळून गेलं, आणि शीळच्या चढावर चाक असं किंचाळलं की शेतातल्या बायका उभ्या राहिल्या. मी ती कल्याणपर्यंत ढकलत आणली. माघ निम्मा सरला होता.

“घट्ट वंगण पाहिजे,” रघू म्हणाला. “इंजिनाला घालतात ते.”

“ते कशाचं असतं?”

“तुला ठाऊक आहे कशाचं असतं. विचारू नको, म्हणजे मला सांगायला नको.”

चार दिवस मी काही केलं नाही. पाचव्या दिवशी मीच त्या रिकाम्या बंगल्यावर गेलो. बटलर अजून तिथंच होता. मी गाडीला लागतं तसलं काही उरलंय का म्हणालो, त्यानं आतून पत्र्याचा डबा आणून दिला. पिवळट, घट्ट, वास ओळखू येईल असा. कुठल्या जनावराची चरबी ते मी विचारलं नाही. उपरण्याखाली झाकून मी तो साळेत आणला.

रघूनं झाकण उघडलं, बंद केलं. मला वाटलं आता टोमणा येईल. तो हळू आवाजात म्हणाला, “घरी सांगितलंस?”

“नाही.”

“मग नको. मी लाकडी डबी करून बघतो तेलाला. आठ दिवस दे.”

आयुष्यात त्यानं मला एवढी एकच गोष्ट नीट बोलून सांगितली. मी म्हणालो, “माझ्याकडं आठ दिवस नाहीत.”

“बरं,” तो म्हणाला आणि बाजूला झाला. “तुझं चाक. तुझा हात.”

मी बाही वर केली आणि दोन बोटं डब्यात घातली.

गाडी चालली. काय चालली म्हणून सांगू! शीळ झालं, दिवा झालं, डोंबिवलीच्या शिवारातून मी पाखरासारखा गेलो. पोरं मागं धावत, म्हातारे हात जोडत. मामलेदार स्वतः कचेरीच्या पायरीवर येऊन बघून गेले. फाल्गुनाच्या आत फिरती पुरी झाली. नोकरी राहिली. त्या पंधरा दिवसांएवढा सुखी मी नंतर कधी झालो नाही.

घात कुत्र्यांनी केला. एका सकाळी मी गाडी रामाच्या देवळाबाहेर उभी करून दर्शनाला गेलो. बाहेर आलो तर आळीतली चार कुत्री पुढच्या चाकाला भिडलेली, तुंबा चाटतायत. हाकलली तरी परत येतायत. पायरीवर दाजीशास्त्री उभे होते.

“काय रे वामन, काय घालतोस ह्याला?”

“तिळाचं तेल.”

“तिळाच्या तेलाला कुत्री अशी चिकटलेली मी कधी पाहिली नाहीत.”

दुपारपर्यंत आळीभर झालं. सत्तावन्न सालची काडतुसं आठवणारी माणसं तेव्हा हयात होती. चरबी हा शब्द साधा नव्हता. आमच्याकडचं पाणी बंद झालं. शेजारणीनं आईच्या हातचा वाणाचा तांदूळ परत पाठवला. बहिणीचं लग्न बोलण्यात होतं, तिकडून निरोप आला की पाहू. ग्रामण्य उभं राहणार, घर वाळीत पडणार असं दिसलं. चार दिवसांनी देवळाच्या सभामंडपात मला बोलावलं. रघूलाही बोलावलं, तो अंगणात, पायरीखाली उभा.

पन्नासेक माणसं होती. शास्त्रीबुवांनी विचारलं, “चाकात चरबी होती?”

“होती,” मी म्हणालो.

“तुला ठाऊक होतं?”

जे सांगायचं होतं ते इथंच आहे. मी आईचा चेहरा आठवला असं म्हणू शकेन, बहिणीचं लग्न आठवलं असं म्हणू शकेन. इतकी वर्षं स्वतःला तेच सांगत आलो. खरं सांगायचं तर काहीच आठवलं नाही. जीभ आपोआप वळली.

“नाही. मी तेल सांगितलं होतं. वंगण ह्यानं घातलं. मला फसवलं.”

सभामंडपात बसलेल्या निम्म्या माणसांकडं गाडी होती, दमणी होती, नाहीतर रहाट होता. रघूच्या साळेत पहिलं वंगण कोण घालतं हे त्यांतल्या प्रत्येकाला स्वतःच्या बोटांवरून ठाऊक होतं. मी खोटं बोललो हे त्या क्षणी सगळ्यांना कळलं. आणि सगळ्यांनी ते चालवून घेतलं.

रघू माझ्याकडं बघतच नव्हता. त्यानं शास्त्रीबुवांकडं मान वर केली.

“दाजी, तुझ्या रहाटाला पहिलं वंगण कुणी घातलं रे?”

शास्त्रीबुवांचा हात उपरण्याखाली गेला. एवढंच मी पाहिलं. मग मागून कुणीतरी ओरडलं, “सभेत शास्त्रीबुवांना अरेतुरे करतो!” दुसरा उठला, “ह्याची जीभच लांब!” “अरे, देवाच्या दारात उभा आहेस!” प्रत्येकाला त्या ‘रे’चा केवढा आधार झाला! वर्षानुवर्षं गिळलेले सगळे ‘तू’ आणि ‘रे’ त्या एका सकाळी बाहेर आले, आणि त्या गलक्यात त्याचा प्रश्न कुठं गेला ते कुणी पाहिलं नाही.

गलका शमला तेव्हा रघू म्हणाला, “चाक फिरलं. माझं काम झालं. कुणी घातलं ते चाकाला विचारा.” आणि पाठ फिरवून निघाला.

मला साधं प्रायश्चित्त मिळालं. क्षौर, पंचगव्य, ब्राह्मणभोजन. बहिणीचं लग्न वैशाखात झालं. गाडी घराबाहेर काढावी असं ठरलं, ती आधीच साळेवर नेऊन ठेवली होती, तिथंच राहिली. रघूकडं लोखंड न्यायचं नाही, असंही ठरलं. आळीतलं काम थांबलं, मग बाजारातलं. विळे-कोयते घेऊन येणारे शेतकरी काही दिवस येत राहिले, पण जमिनी आमच्या लोकांच्या. त्यांनाही समज गेली. साळेतला भाता असा बंद पडला की तळ्यावरून जाताना ती शांतता कानांत बसे. मी दुसऱ्या रस्त्यानं जायला लागलो.

ज्येष्ठात तो गेला. मी पारनाक्यावर होतो. साहेबाच्या तीनचाकीच्या बैठकीवर ऐरण बांधलेली, भाता मागं, भांड्यांचं गाठोडं हँडलाला. तो ढकलत होता, बायको मागून हात लावत होती. पुढचं चाक आवाज न करता फिरत होतं. लोक दुकानांच्या फळ्यांवर बसून बघत होते. माझ्यासमोरून जाताना तो थांबला, असं मला वाटलं. थांबला नव्हता. चाकाखालचा दगड बाजूला केला फक्त.

गेल्या वर्षी मी त्याला पुन्हा पाहिलं. मी आता ठाण्याला असतो, हाताखाली सहा कारकून आहेत. मासुंदा तळ्याच्या काठी बाजार भरतो तिथं एक म्हातारा धार लावत बसला होता. लाकडी घोडीवर चाक, चाकाला वादी, वादीवर सहाण. चाकाच्या तुंब्यात पितळ पिवळं चमकत होतं. आमच्या समईचं ते पितळ मी ओळखलं आणि मग भुवई ओळखली.

खिशात अडकित्ता होता. मी तो पुढं केला. त्यानं माझ्याकडं न बघता घेतला, उघडला, बिजागरी नाकाशी नेली.

“अजून खोबरेलच?” तो म्हणाला.

आळीत, घरात, देवासमोर, कुठंही जे बोललो नाही ते ओठांवर आलं. मी वाकून हळूच म्हणालो, “रघू, त्या दिवशी सभेत मी...”

“मोठ्यानं बोल,” तो म्हणाला. “ऐरणीनं कान खाल्ले माझे.”

बाजार भरलेला. दोन पावलांवर कचेरीतला शिपाई माझी पिशवी घेऊन उभा. नमस्कार करत जाणारी माणसं. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

त्यानं घोडीखालून सळई काढली. तीच, हातभर. एक टोक दातांत धरलं आणि दुसरं माझ्या तोंडापुढं केलं. दातांतूनच म्हणाला, “ह्याला दात लाव नि बोल. कुणाला ऐकू जाणार नाही. मला जाईल.”

त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, माया तर नव्हतीच. काम अडलंय आणि अवजार पुढं केलंय, एवढंच होतं. सळईचं टोक माझ्या ओठांपासून चार बोटांवर होतं. शिपायानं मान वळवून बघितलं.

मी म्हणालो, “काही नाही. धार लाव.”

ते त्याला ऐकू गेलं नसणार. पण माझे ओठ त्यानं पाहिले. सळईचं टोक आणखी क्षणभर तसंच धरून ठेवलं, मग हळूहळू खाली नेलं, चाकाच्या तुंब्याला टेकवलं, आणि पायानं चाक फिरवायला लागला. डोळे मिटले. चेहरा निवत गेला. माझा अडकित्ता मांडीवर तसाच पडला होता, आणि तो चाकाचं ऐकत बसला होता.